हातानं लावलेली हजेरी

हुमनाबाद,
२४ फेब्रुवारी २०२५

नेत्रा,

मामाचा आशीर्वाद घे आन् आधी हे सांग, पुण्याला नीट पोचलीस का. बसमधून उतरल्यावर फोन केलतीस, त्यातलं मला 'मामा' एवढंच कळलं. माझ्या कानाची गत तुला ठावं हाय. तू एक इचारायचं आन् मी भलतंच सांगायचं, त्यापेक्षा कागद बरा. तूबी कागदावरच लिहीत जा. सातवीपर्यंत मराठी शाळेत बसलो ते कवातरी कामाला येऊ दे.

आठ दिवस राहून तू आम्हा जिमवाल्यांना तुझ्या कंपनीचं हजेरीचं मशीन शिकवून गेलीस आन् दुसऱ्याच दिवशी तो टॅब माझ्यावर रुसला. दारातल्या टेबलावरच्या सौम्याला सगळं येतंय, तिची बोटं भाकरी थापल्यासारखी चालतात. माझं बोट लागलं की स्क्रीन कुठल्या कुठं जातंय. काल शिवकुमारची हजेरी लावाय गेलो तर त्याच्या नावापुढं बाळंतिणींचा व्यायाम उघडला. सगळी जिम हसली. मीबी हसलो, पण मनातनं घाबरलो.

कामून ते तुला म्हणून सांगायलोय, तुझ्या आईला, निलम्माला बोलू नको. मालकानं, म्हणजे महेशकुमारनं मला बाजूला बोलवून सांगितलं, "वस्ताद, मे संपंपर्यंत तुम्हाला टॅब आला पाहिजे. न्हाई आला तर कलबुर्गीहून सर्टिफिकेटवाला माणूस घेतो." महेश वाईट न्हाई. त्याच्या बापानं मला ठेवलं तवा तिथं पत्र्याखाली लाल मातीचा आखाडा व्हता. आता आरसे आले, एसी आला, मी तेवढा जुना राहिलोय. एकोणतीस वर्षं झाली. मला दुसरं कायबी येत न्हाई आन् ह्या वयात मला दुसरीकडं कुणी उभं करायचं न्हाई. तवा मे संपायच्या आत मला हे शिकव.

एक शंका हाय. कुणी दोन दिवस आलं न्हाई की तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जातो हे तू बघितलीस. वस्तादानं दारात जाऊन 'काय झालं रे' म्हणून इचारायचं, ही तालमीची रीत हाय. आता मशीनच निरोप धाडतंय म्हणलीस. मग मी जायचं का न्हाई?

भीमसेन मास्तर तुझी लई आठवण काढतात. दोन वर्षांमागं त्यांचा उजवा हात लकव्यानं गेलता, आता माझ्याकडं व्यायाम करून त्याच हातानं पाण्याचा तांब्या उचलायलेत. तुझ्या त्या फॉर्मात भाषा कुठली पाहिजे इचारलं तर त्यांनी ठासून मराठी लिहायला लावलं. जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, आता मशीनलाबी शिकवतो म्हणतात.

तुझा मामा,
माणिकप्पा


पुणे,
४ मार्च २०२५

मामा,

तुमच्या भाचीचा नमस्कार. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पोस्टमन आत आला तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा कोर्टाचा कागद आलाय.

घाबरू नका. तुम्ही बोट दाबता, म्हणून स्क्रीन पळते. बोट फक्त टेकवायचं आणि लगेच उचलायचं, तवा तापला का बघतो तसं. सकाळी एवढंच करायचं: टॅब उघडला की निळ्या पट्टीत सगळ्यांची नावं दिसतात. दारातल्या मशीननं चेहरा ओळखला की नावापुढं हिरवी खूण आपोआप येते. ओळखला नाही तर तुम्ही नावावर बोट टेकवा, खाली 'हाताने हजेरी' येईल, त्यावर टेकवा. झालं. बाकीचं सौम्या करेल. हे एक रोज सकाळी केलंत तरी महेशकुमार तुम्हाला हलवणार नाहीत, कारण ऑफिसात आम्ही बघतो की प्रत्येकाच्या नावानं रोज काम होतंय की नाही.

आणि घरी जाणं आता बंद करा, मामा. जो आला नाही त्याला सकाळी दहाला आपोआप निरोप जातो. तुम्ही उन्हातान्हात गल्लोगल्ली फिरणार, तुमचे गुडघे काय म्हणतात मला माहीत आहे. शिवाय महेशकुमार येतात तेव्हा तुम्ही जागेवर दिसायला हवं. इचारायचं काम मशीनला करू द्या.

माझं पण एक सांगते. माझी इथली नोकरी अजून कच्ची आहे, मेमध्ये पक्की करायची का ते ठरवतील. मी मशीन बसवून दिलेल्या जिममध्ये आपली हुमनाबादची जिम सगळ्यांत पुढं आहे. म्हणजे तुम्ही माझी अब्रू धरून आहात आणि मी तुमची.

मास्तरांना नमस्कार सांगा.

तुमची नेत्रावती


हुमनाबाद,
१७ मार्च २०२५

नेत्रा,

आता ऐक माझी फुशारकी. तव्याचं सांगितलीस ते बराबर बसलं. बोट टेकवून उचलायचं. आठ दिवस झाले, एकदाबी स्क्रीन पळालं न्हाई. महेश परवा मागं येऊन उभारलता, मी वळूनसुदिक बघितलो न्हाई, सात नावं लावून टाकलो. जाताना पाठीवर हात ठेवून गेला.

तुझ्या मशीनला मात्र अक्कल कमी हाय. ईभूती लावून आलेल्या माणसाला वळखत न्हाई. हावगेप्पा अण्णा पूजा करून कपाळभर पट्टे ओढून येतो आन् मशीन त्याला म्हणतंय, परत प्रयत्न करा. तो चिडून म्हणाला, देव वळखतंय आन् हे न्हाई वळखत. मग त्याची हजेरी मी हातानं लावतो. 'हाताने हजेरी' हे माझं सगळ्यांत आवडतं बटण हाय.

घरी जाणंबी बंद केलो, तू सांगितलीस म्हणून. सुरवातीला पाय वळायचे. मास्तर मागच्या मंगळवारपासून आले न्हाईत. दोनदा निघालो आन् दोनदा फिरलो. मशीननं इचारलंच असंल, म्हणलं. दुखलंखुपलं असतं तर निरोपाला उत्तर आलं असतं.

आता पत्र टाकायला पोस्टात जायलोय. आठ दिवसांचं माझं काम तुझ्या ऑफिसात दिसायलंय का ते लिही.

माणिकप्पा


पुणे,
२६ मार्च २०२५

मामा,

दिसतंय की, रोज दिसतंय. सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी आपली हुमनाबादची जिम उघडते आणि तुमच्या नावापुढची कामं बघते. माझ्या वरच्या बाईंनी परवा विचारलं, हे माणिकप्पा कोण, किती वेळेवर करतात. मी सांगितलं, माझे मामा. छाती एवढी झाली.

मास्तर परत यायलेत ते बघितलं. १८ तारखेपासून रोज हजेरी आहे. बरं झालं, तुमच्या पत्रानं मी उगीच काळजीत पडले होते. काय झालं होतं त्यांना? बघा, तुम्ही न जाता माणूस आला की नाही परत.

आईला भेटायला दुबलगुंडीला जाल तेव्हा सांगा, मी उन्हाळ्यात येते.

नेत्रावती


हुमनाबाद,
६ एप्रिल २०२५

नेत्रा,

तुझं पत्र मिळालं. मी बरा हाय. टॅबचं काम चालू हाय, त्यात खंड न्हाई.

मास्तरांचं इचारलीस. त्यांची हजेरी रोज लागायलीय.

एक इचारायचं व्हतं. एखादा माणूस गाव सोडून गेला तर त्याचं नाव त्या निळ्या पट्टीतनं कसं काढायचं? मला तसलं बटण घावलं न्हाई. सौम्यालाबी ठावं न्हाई. महेशला दोनदा इचारलो, तो म्हणाला महिनाअखेर बघू. तुला ठावं असंल तर लवकर लिही.

उन्हाळा लई हाय. जपून रहा.

माणिकप्पा


पुणे,
१५ एप्रिल २०२५

मामा,

एवढंसं पत्र? रागावलात का कशावर? की आता वस्तादांना टॅबपुढं भाचीसाठी वेळ नाही?

नाव काढायचं बटण तुमच्याकडं नाही, ते फक्त मालकाकडं असतं आणि आमच्या ऑफिसात. महेशकुमार करतील. घाई कशाला, एखादं नाव राहिलं तर काय बिघडतंय. कोण गेलं गाव सोडून?

आता आनंदाची गोष्ट. आमच्या सगळ्या जिममध्ये साठीच्या पुढचे सगळ्यांत नियमित सभासद कोण, ते ऑफिसनं काढलं. आपले भीमसेन मास्तर पहिले आले, मामा. महिनाभर एक दिवस चुकला नाही. मेमध्ये मी स्वतः शाल घेऊन येणार आहे, महेशकुमारांच्या हातून द्यायची. तोवर मास्तरांचा एक फोटो पाठवा, हातात तांब्या धरलेला. तुम्ही पण शेजारी उभे राहा.

नेत्रावती


पुणे,
५ मे २०२५

मामा,

माझ्या पत्राला उत्तर नाही, फोटो नाही. आणि आता मला काय लिहावं ते कळेना झालंय.

३० एप्रिलला बसवजयंती होती. जिम बंद. त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर आपल्या जिममध्ये एकच हजेरी दिसली. सकाळी सहा दहा, भीमसेन मास्तर. मला वाटलं मशीन बिघडलंय. शाल द्यायच्या आधी हे दुरुस्त व्हावं म्हणून मी शुक्रवारी ऑफिसला लेखी कळवलं. मीच कळवलं. त्यांनी सगळं उघडून बघितलं तर मशीन ठीक आहे. १८ मार्चपासूनची मास्तरांची प्रत्येक हजेरी हातानं लावलेली, प्रत्येक तुमच्या नावावरून. दारातल्या मशीननं तेव्हापासून त्यांचा चेहरा एकदाही बघितलेला नाही. शनिवारी दुपारी ऑफिसनं महेशकुमारांना सांगून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

बंद जिमचं कुलूप काढून तुम्ही खोटी हजेरी लावलीत? कामून, मामा? माझं नाव वर राहावं म्हणून केलंत का? मास्तर कुठं आहेत? मला खरं ते लिहा.

नेत्रा


हुमनाबाद,
११ मे २०२५

नेत्रा,

मास्तर वारले. १५ मार्चला.

हे तुला आधी लिहायला पाहिजे व्हतं. दोनदा बसलो, दोन्ही येळा फाडलो. आता सगळं लिहितो, तू शांतपणानं वाच.

१७ तारखेला तुझं पत्र टाकून पोस्टातनं निघालो. वाटंत त्यांच्या शेजारच्या विमलबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं. मी तसाच मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरांच्या बायको, सुशीलाबाई, एकल्या खाली बसल्या व्हत्या. त्यांचा पोरगा प्रणेश परदेशात, अग्नी द्यायला कसाबसा पोचून रातोरात माघारी गेलता.

११ तारखेला मास्तरांच्या छातीत दुखलं, कलबुर्गीला नेलं. चार दिवस दवाखान्यात व्हते, शुद्धीत व्हते, बोलायचे. मी रीतीप्रमाणं तिसऱ्या दिवशी घरी गेलो असतो तर कुलूप दिसलं असतं, विमलबाईंनी सांगितलं असतं, मी पहिल्या बसनं कलबुर्गी गाठलो असतो. दोन दिवस हातात व्हते, नेत्रा.

बाईंनी पुढचं सांगितलं ते तुला लिहू का नको आसं झालंय. दवाखान्यात मास्तर दाराकडं बघायचे. म्हणायचे, माणिकप्पा येईल बघ आता, त्याचा दिवस झाला. तिसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला आन् तुझ्या मशीनचा निरोप आला, 'भीमसेनजी, आज तुम्ही आला नाहीत. उद्या वाट पाहू.' त्यांनी चष्मा मागितला, वाचला, आन् हसून म्हणाले, माणिकप्पा मोठा झाला, आता माणूस पाठवतो. बाईंनी हे रागानं सांगितलं न्हाई. त्या आपलं त्यांचं बोलणं आठवून सांगायलत्या. मला मात्र वर बघवंना.

आम्ही बसलेलो असतानाच परत दहा वाजले आन् फोन वाजला. भीमसेनजी, आज तुम्ही आला नाहीत. बाईंनी फोन घेतला आन् तो कापडात गुंडाळून मांडीखाली ठेवला. प्रणेशचा फोन त्याच नंबरावर येतो, म्हणून बंदबी करता येत न्हाई. म्हणल्या, "माणिकप्पा, हे रोज येयलंय. ते गेले त्या दिवशीबी आलं. एवढं थांबवा."

नाव काढायचं बटण मला घावलं न्हाई. मला एकच बटण येतंय. हजेरी लागली की निरोप जात न्हाई, हे तूच शिकवलीस. तवा १८ तारखेपासून मी रोज पहिलं नाव मास्तरांचं लावलो. बसवजयंतीला सुट्टी असतानाबी निरोप गेला तर काय, म्हणून पूजेच्या आधी जाऊन कुलूप काढलो. सुट्टीला मशीन निरोप धाडत न्हाई हे मला आता सौम्यानं सांगितलं.

तुझ्या नावासाठी केलो न्हाई. पण तुला लपवलो ते तुझ्यासाठी. 'घरी जाणं बंद करा' हे तूच लिहिली व्हतीस, आन् हे कळलं तर ते पत्र तुला जन्मभर टोचलं असतं. चूक तुझी न्हाई. कागद वाचून एकोणतीस वर्षांची रीत सोडणारा मी हाय.

महेशनं त्याच शनिवारी बोलवलं. मी हे सगळं सांगितलो. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, पण म्हणाला, वस्ताद, खोट्या हजेरीचा कागद कंपनीकडनं आलाय, मला ठेवता येत न्हाई. किल्ली मागितली. मी दिलो. टॅबबी दिलो. मे संपायला अजून अवकाश व्हता आन् टॅब मला आलाबी व्हता, एवढंच मनात आलं.

आता एकच मागतो. सोमवारपासून बाईंना परत दहाला निरोप येयलाय. मी तिथं न्हाई, हजेरी लावणार कोण. महेश म्हणतो, कंपनीचा तपास संपंपर्यंत त्याला नाव काढता येत न्हाई. तुझ्या ऑफिसाकडं बटण हाय ना, मास्तरांचं नाव काढ. लवकर काढ.

मामा


पुणे,
२० मे २०२५

मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. मी ते ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि वर जाऊ शकले नाही.

मी पुन्हा खोदून विचारलं नाही. 'हजेरी रोज लागायलीय' असं तुम्ही लिहिलंत आणि मी शालीचं लिहिलं, फोटो मागितला, तांब्या धरलेला. ते पत्र तुम्ही कसं वाचलं असेल मामा. तुम्ही म्हणता चूक माझी नाही. मग कोणाची? ज्या माणसानं मास्तरांचा हात परत आणला, त्याला मीच त्यांच्या दारात जाण्यापासून थांबवलं, आणि मग मीच त्याची तक्रार लिहिली.

माझी नोकरी पक्की झाली. बिघाड पहिल्यांदा मी पकडला म्हणून. माझ्या वरच्या बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. आईला अजून सांगितलं नाही. महेशकुमारांना मी फोन केला, ऑफिसात वरपर्यंत जाऊन सांगितलं की तुम्ही का केलंत. सगळे ऐकून घेतात, वाईट वाटलं म्हणतात, आणि कागद बदलत नाहीत.

एवढं मात्र केलंय. शनिवारी सकाळी मी स्वतः बसून मास्तरांचं नाव काढलं. आमच्या नियमात आधी चुकीच्या हजेऱ्या पुसाव्या लागतात, म्हणून १८ मार्चपासूनच्या एक्केचाळीस पुसल्या आणि मग नाव काढलं. आता त्या फोनवर काही येणार नाही. सुशीलाबाईंना तेवढं सांगा. त्यांच्यासमोर यायचं धाडस माझ्यात नाही.

तुम्ही इकडं या. माझ्याकडं राहा.

तुमची नेत्रा


हुमनाबाद,
२९ मे २०२५

नेत्रा,

तुझी नोकरी पक्की झाली, ते निलम्माला सांग. लपवू नको. तिनं तुझ्यासाठी किती उपास केलेत ते मला ठावं हाय. माझं म्हणशील तर दोघांनी घरी व्यायाम शिकवायला बोलवलंय, हावगेप्पा अण्णाबी इचारून गेला. पुण्याला मी येऊन काय करू, तिथं मला रस्ता ओलांडायला येत न्हाई. तू उन्हाळ्यात येते म्हणलीस तशी ये.

पुढचं तुला सांगू नये वाटलं. पण मागं लपवलो त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलो.

तू शनिवारी हजेऱ्या पुसलीस तवा त्या दिवसांचे निरोप सगळे एकदम गेले. चाळीस, सुट्टीचा तेवढा सोडून. सुशीलाबाई कुकर लावायलत्या, फोन वाजायला लागला तो थांबंना. त्यांनी विमलबाईला माझ्याकडं धाडलं. मी गेलो तवा फोन चौरंगावर ठेवून त्या लांब भिंतीला टेकून बसल्या व्हत्या. मला म्हणल्या, "पुसा हे सगळं. तुम्हाला येतंय ना."

येतंय की. तू शिकवलीस. बोट टेकवायचं आन् उचलायचं. मी एकेक पुसत गेलो. वरून खाली, नव्यापासून जुन्याकडं. प्रत्येकात तेच नाव, तेच बोलणं. आधी बाई बघत न्हवत्या, मग हळूच शेजारी येऊन बसल्या आन् प्रत्येक निरोप पुसायच्या आधी वाचायला लागल्या. मीबी थांबायला लागलो, त्यांचं वाचून झाल्याशिवाय बोट टेकवायचो न्हाई. दुपार झाली. मे गेला, एप्रिल गेला, मार्चातलेबी एकेक गेले.

खाली तीनच राहिले. १३ मार्चच्यावर मी बोट नेलो तर बाईंनी माझा हात धरला.

"ह्यो राहू द्या," म्हणल्या. "ह्यो त्यांनी वाचलाय."

तुझा मामा,
माणिकप्पा